1,344 जास्तीचे मृत्यू: अहमदाबादच्या उन्हाचं प्रकरण

मे 2010 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या हद्दीत 4,462 माणसं दगावली. 2009 आणि 2011 चा मे महिना शेजारी ठेवून पाहिलं, तर हा आकडा 3,118 च्या आसपास असायला हवा होता. वजाबाकी केली की उरतात 1,344. म्हणजे नेहमीपेक्षा 43 टक्के जास्त मृत्यू, एका महिन्यात, एका शहरात. ना पूर, ना भूकंप. 21 मे रोजी पारा 46.8 अंशांवर गेला होता, एवढंच.

पूर आला की पाणी दिसतं. हे कुणाला दिसलंच नाही. साधारण 55 लाख वस्तीच्या शहरात एरवीही रोज शंभरेक मृत्यू होतात. त्या दिवसांत ते कितीतरी वाढले, पण वाढले ते सगळ्या शहरात विखरून. या गल्लीत एक म्हातारी, त्या चाळीत एक हातगाडीवाला, पलीकडच्या सोसायटीत दोन वर्षं अंथरुणावर असलेले आजोबा. प्रत्येक घराला वाटलं, आपल्याकडचंच माणूस गेलं. डॉक्टरला वाटलं हृदयविकार. स्मशानात लाकडं कमी पडली असतील तर ते तिथल्या माणसांना कळलं असेल, आरोग्य खात्याला नाही.

हवामान बदलाचा आरोग्यावर होणारा परिणाम लोकांना पटत नाही, अशी तक्रार शास्त्रज्ञ नेहमी करतात. या प्रकरणात मला उलटं दिसतं. पटवण्याजोगा पुरावा महापालिकेच्याच कपाटात पडून होता. तो बाहेर काढायची तयारी लागली, आणि ती एका शहराने दाखवली. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला तिथे दिसतं, उन्हाच्या पिवळ्या-नारिंगी-लाल इशाऱ्यांच्या तक्त्यात नाही.

कारणाचा रकाना

रुग्णालयात माणूस गेला की डॉक्टर नमुना 4 भरतो, घरी गेला तर 4 अ. त्यात मृत्यूचं तात्कालिक कारण, त्याच्या मागचं कारण, त्याच्याही मागचं कारण अशा ओळी असतात. आता समजा, साठीचा एक मजूर आहे. रक्तदाबाची गोळी चालू, आणि ती लघवीवाटे पाणी काढणारी. दुपारभर सिमेंटच्या गोण्या वाहिल्या, रात्री पत्र्याच्या खोलीत झोपला, पहाटे गेला. भिंती रात्रभर गरम होत्या, त्यामुळे शरीराला उतार मिळाला नाही. घामाने पाणी गेलं, रक्त दाट झालं, कातडीकडे रक्त ढकलता ढकलता हृदय थकलं. डॉक्टर सकाळी आला तेव्हा अंग गार. तो पहिल्या ओळीत लिहिणार ‘हृदयक्रिया बंद पडणे’, आणि त्यात खोटं काहीच नाही. उन्हाला मात्र त्या कागदावर कुठेच जागा मिळाली नाही.

उष्माघात लिहायचा तर जिवंत असताना ताप मोजलेला हवा, तो 40 अंशांच्या वर हवा, माणूस भ्रमात किंवा बेशुद्ध असायला हवा, आणि दुसरं कारण नाही याची खात्री हवी. शवविच्छेदनात उन्हाची अशी एकच एक पक्की खूण सापडत नाही. त्यामुळे ‘उष्माघाताचे बळी’ म्हणून जो आकडा पेपरात येतो, तो उन्हाने मेलेल्यांचा नसतो. उन्हाने मेले हे ज्यांच्या बाबतीत सिद्ध करता आलं, त्यांचा असतो. शिवाय आपल्याकडे हवामान खातं, आरोग्य खातं आणि गुन्हे नोंदणी विभाग, तिघंही हे मोजतात आणि तिघांचे आकडे जुळत नाहीत. सामान्य माणसाने यातलं कुठलं खरं मानायचं? कुठलंच मानत नाही, आणि त्याचं फार चुकतंय असं मला वाटत नाही.

जास्तीच्या मृत्यूंची पद्धत हा सगळा घोळ बाजूला ठेवते. ती कारण विचारतच नाही, फक्त डोकी मोजते: या महिन्यात किती गेले, एरवी किती जातात. डॉक्टरचं मत नको, नातेवाइकाची साक्ष नको. मृत्यूची नोंद झाल्याशिवाय पुढची कामं अडतात, त्यामुळे शहरात ती बहुतेक होतेच.

पण या पद्धतीला एक मोठी खोट आहे. ती 1,344 म्हणते, त्यातल्या एकाचंही नाव सांगू शकत नाही. 4,462 जणांच्या यादीवर बोट ठेवून ‘हा त्यातला’ असं कुणालाच म्हणता येत नाही. बातमीदाराला चेहरा हवा असतो, विरोधी पक्षाला घर हवं असतं, भरपाई देणाऱ्या कारकुनाला वारसाचं नाव हवं असतं. संख्याशास्त्राकडे यातलं काही नाही. विज्ञानावरचा अविश्वास पुष्कळदा इथे सुरू होतो आणि त्याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. ‘एक तरी दाखवा’ हा प्रश्न अडाणी नाही. त्याचं उत्तर वेगळ्या प्रकारचं आहे, आणि ते देण्याचे कष्ट फारसं कुणी घेत नाही.

रजिस्टर

गांधीनगरच्या भारतीय लोकस्वास्थ्य संस्थेतले संशोधक (संचालक तेव्हा डॉ. दिलीप मावळंकर), अमेरिकेतली पर्यावरणावर काम करणारी एनआरडीसी ही संस्था आणि तिथल्या विद्यापीठांतले काही जण, अशा मंडळींनी महापालिकेबरोबर काम सुरू केलं. त्यांना हवी होती जन्म-मृत्यू नोंदणीतली रोजची आकडेवारी. महापालिकेने ती दिली.

हे वाक्य वाचायला सोपं आहे. कुठल्याही महापालिकेत काम केलेल्या माणसाला विचारा, ते किती अवघड असतं. ‘तुमच्या हद्दीत एका महिन्यात तेराशे माणसं जास्त गेली आणि तुमच्या लक्षात आलं नाही’ असा निष्कर्ष ज्या कागदांतून निघणार, ते कागद आपण होऊन बाहेरच्यांच्या हाती द्यायचे. विधानसभेत प्रश्न येऊ शकतो, पेपरात मथळा येऊ शकतो. आपल्याकडची रीत अशा वेळी फाईल ‘अभिप्रायार्थ’ फिरवत ठेवण्याची. अहमदाबादने ती मोडली. त्यामुळे पुढे जेव्हा ‘उद्या घराबाहेर पडू नका’ असं महापालिका म्हणाली, तेव्हा त्यामागे दिल्ली-जिनिव्हाचा अहवाल नव्हता. शहराचेच मृत्यू होते, शहरानेच मोजलेले.

याच आकडेवारीने आणखी एक काम केलं. अहमदाबादेत किती अंशांपासून मृत्यू चढायला लागतात, हे तिथल्याच नोंदींवरून पाहता आलं. देशपातळीवरची व्याख्या मैदानी भागात 45 अंशांना सरसकट उष्णतेची लाट म्हणते. अहमदाबादची माणसं त्याच्या पुष्कळ आधी मरायला लागतात असं दिसलं. म्हणून शहराच्या इशाऱ्यांची पहिली पायरी 41.1 अंशांवर ठेवली. 43 पर्यंत पिवळा, 43.1 ते 44.9 नारिंगी, 45 आणि वर लाल.

सगळ्यांत वरचा मजला

या प्रकरणातला मला सगळ्यांत पटलेला पुरावा मात्र शहराचा नाही, एका वॉर्डचा आहे. महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यांत वरच्या मजल्यावर होता, थेट गच्चीखाली. गच्ची दिवसभर तापते आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडत राहते, हे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोठं माणूस घाम गाळतं, पाणी मागतं, कूस बदलतं, व्हरांड्यात जाऊन बसतं. दोन दिवसांच्या बाळाला यातलं काही येत नाही. त्याला नीट घाम येत नाही, वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्याला मे महिन्यातही दुपट्यात गुंडाळलेलं असतं. ते मलूल पडतं, दूध ओढत नाही, अंग तापतं. जंतुसंसर्ग समजून त्याला नवजात अतिदक्षता विभागात हलवतात.

2010 च्या उन्हाळ्यात तिथे दाखल झालेल्या बाळांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या. 42 अंशांच्या वर पारा जितके अंश चढला, त्या प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं 43 टक्क्यांनी वाढत होती. नंतर रुग्णालयाने बाळंतिणींचा वॉर्ड खालच्या मजल्यावर आणला. वातानुकूलन नाही, नवी इमारत नाही, खाटा खाली आणल्या. त्यानंतर अशा दाखल होण्यात 64 टक्के घट दिसली.

हे समजायला संख्याशास्त्र लागत नाही. वॉर्ड वर होता, बाळं तापत होती. खाली आणला, कमी तापायला लागली. नर्सला दिसलं, आयांना दिसलं, आज्यांना दिसलं. 1,344 या आकड्याला जो चेहरा देता येत नव्हता, तो इथे मिळाला.

इशारा

एप्रिल 2013 मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा लागू झाला. शहरासाठी असा आराखडा दक्षिण आशियात पहिलाच. त्यातल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या आहेत. महापालिकेच्या आरोग्य विभागातल्या एका अधिकाऱ्याकडे सगळी सूत्रं. अंदाज आला की त्याच्याकडून रुग्णालयं, 108 च्या रुग्णवाहिका, पाणीपुरवठा, बससेवा, कामगार खातं, वर्तमानपत्रं अशी साखळी. बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, पाणपोया वाढवायच्या, दवाखान्यांत बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायच्या, डॉक्टर-नर्सना ऊन लागल्याची लक्षणं पुन्हा शिकवायची. पुढच्या काळात झोपडपट्ट्यांतल्या छपरांना पांढरा चुना किंवा रंग लावायचं कामही त्यात आलं. 2017 मध्ये सुमारे 3,000 छपरांपासून सुरुवात झाली. महिला हाउसिंग ट्रस्टसारख्या संघटना वस्त्यांमध्ये आधीपासून काम करत होत्या, त्यामुळे शिडी लावायला परकं माणूस आलं नाही.

सुरुवातीला सात दिवसांचा अंदाज अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाशी संबंधित हवामानतज्ज्ञांच्या गटाकडून येत असे, कारण एका शहरासाठी इतका आधी आणि शक्यतेच्या टक्केवारीसह अंदाज इथे मिळत नव्हता. पुढे भारतीय हवामान विभागच तो देऊ लागला.

या सगळ्यात एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. आराखड्याने कुणालाही हवामान बदलावर विश्वास ठेवायला सांगितलं नाही. रिक्षावाल्याला कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवला नाही. उद्या 44 अंश होणार, दुपारी सावलीत थांब, एवढंच सांगितलं. आणि उद्या 44 झालंच, तर त्याने ते स्वतः पाहिलं. विश्वास बसतो तो अशा दुसऱ्या दिवशी पडताळता येणाऱ्या गोष्टींवर. 2050 मध्ये काय होईल हे त्याला पडताळता येत नाही, आणि ते सांगणाऱ्याला निवडणुकीत किंवा बाजारात काही हितसंबंध आहे की काय, असा त्याला संशय येतो. तोही सर्वस्वी बिनबुडाचा नसतो.

दुसरं म्हणजे, लोकांना आधीपासून माहीत असलेलं खोडून काढलं नाही. गुजरातेत उन्हाळ्यात छाश पितात, विदर्भात कैरीचं पन्हं आणि डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. कांद्याने ताप उतरतो याला आधार नाही. पण खिशात कांदा ठेवणारा माणूस ऊन गंभीरपणे घेतो, हेही खरं. सरकारी सूचनांमध्ये ओआरएसच्या शेजारी ताक, लिंबूपाणी, तांदळाची पेज या गोष्टी आल्या. ‘तुमचं चुकलंय, आता आमचं ऐका’ असा सूर तिथे लागला नाही.

न झालेले मृत्यू

आता खरी पंचाईत. आराखडा चालला की नाही हे कसं कळणार? मेलेला माणूस मोजता येतो, वाचलेला कसा मोजायचा? ज्याला ऊन लागलं नाही, त्याला लागणार होतं हे त्यालाही माहीत नसतं. लसीचं जे होतं तेच. काही झालं नाही की ‘कशाला घेतली उगाच’.

2018 मध्ये त्याचा हिशोब प्रसिद्ध झाला. आराखड्याच्या आधीची 2007 ते 2010 ही वर्षं आणि नंतरची 2014 व 2015, यांत तापमान आणि मृत्यू यांचं नातं कसं बदललं ते पाहिलं गेलं. आधीच्या काळात 47 अंशांच्या दिवशी मृत्यूचा धोका नेहमीच्या 2.34 पट होत असे. नंतरच्या काळात तो 1.25 पटीवर आला. त्यावरून काढलेला अंदाज: वर्षाला सरासरी 1,190 मृत्यू टळले.

हा 1,190 पुढे सगळीकडे गेला. भाषणांत, अहवालांत, बातम्यांत. आता याच मांडणीतला दुसरा भाग पाहा. संशोधकांनी त्या अंदाजाच्या दोन कडाही दिल्या होत्या: 162 आणि 2,218. म्हणजे खरा आकडा दीडशेच्या घरात असू शकतो, बावीसशेच्या घरातही. शिवाय ‘आधी’च्या वर्षांत खुद्द 2010 आहे, जे वर्ष असाधारण होतं, आणि ‘नंतर’ची वर्षं दोनच. जवळच्या एखाद्या शहराला आराखड्याशिवाय ठेवून तुलना केलेली नाही, आणि ते करणं योग्यही झालं नसतं. या काळात घरोघरी कूलर वाढले असतील, दवाखाने सुधारले असतील, 2010 चा धसका लोकांच्या मनात राहिला असेल.

म्हणून आकडा खोटा ठरत नाही. धोका कमी झाला, ही दिशा पक्की दिसते. 20 मे 2016 रोजी अहमदाबादने 48 अंश पाहिले, शंभर वर्षांचा विक्रम मोडला, आणि 2010 सारखं काही झाल्याचं ऐकू आलं नाही. पण भाषणात 162 हा आकडा कधीच येत नाही. संशोधकांनी अनिश्चितता सांगितली, सांगणाऱ्यांनी ती वाटेत टाकून दिली. लोकांना गुंतागुंत कळत नाही, असं त्याचं समर्थन होतं. मला ते पटत नाही. ‘पावसाची शक्यता आहे’ हे ऐकून छत्री घ्यायची की नाही ते शेतकरीही ठरवतो आणि गृहिणीही. ‘निदान दीडशे, बहुधा हजाराच्या वर’ हे त्यांना कळलं असतं. गोल आकडा ठोकून दिला आणि उद्या कुणी त्यातली फट दाखवली, की 1,190 च्या बरोबर पिवळा-नारिंगी-लालही संशयात जातो.

नक्कल आणि खारघर

अहमदाबादचं पाहून इतर शहरांनी आराखडे केले. नागपूर 2016 मध्ये पुढे आलं. तिथे ऊन पटवून द्यावं लागत नाही. मे महिन्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, म्हणजे दुचाकीवाला उन्हात उभा राहू नये. इतरत्र मात्र बऱ्याच ठिकाणी आराखडा म्हणजे नक्कल झाली. 2023 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने 18 राज्यांतले 37 आराखडे तपासले. स्वतःच्या शहराचं तापमान पाहून पायऱ्या ठरवलेले त्यात 10 दिसले. कोणत्या वस्तीला जास्त धोका आहे याची पाहणी केलेले फक्त 2. म्हणजे पिवळा-नारिंगी-लाल उचलले आणि रजिस्टर तिथेच राहिलं.

त्याच वर्षी 16 एप्रिलला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा जमाव, भर उन्हातलं मैदान, आणि 14 मृत्यू. जवळच्या केंद्रावर नोंद होती 38 अंशांची. विदर्भातल्या माणसाने हा आकडा ऐकून खांदे उडवले असतील. पण किनारपट्टीवर हवेत इतका दमटपणा असतो की घाम येतो आणि वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही, आणि तासन्‌तास बसून राहिलेल्या उपाशी माणसाला 38 पुरतात. त्या एप्रिलमधल्या दक्षिण आशियातल्या दमट उष्णतेचा अभ्यास वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या गटाने केला. भारत-बांगलादेशात ती हवामान बदलामुळे निदान 30 पटींनी जास्त संभाव्य झाली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण महाराष्ट्रात वाद झाला तो ऊन की चेंगराचेंगरी यावर. सत्ताधारी ऊन म्हणाले, विरोधक चेंगराचेंगरी. ऊन म्हटलं की दोष निसर्गाचा, चेंगराचेंगरी म्हटली की आयोजकांचा, असा दोघांचाही हिशोब. दुपारी 12 ते 1 पर्यंत लोकांना उघड्यावर बसवून ठेवणं हाही आयोजनाचाच भाग आहे, हे दोघांच्याही मांडणीत नीट बसत नव्हतं. नंतर उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 उघड्यावर सरकारी कार्यक्रम नकोत, असा निर्णय झाला. चांगला निर्णय. पण तो 14 मृत्यूंनंतर आला, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना तो विज्ञानापेक्षा सारवासारव वाटला असेल तर नवल नाही.

अहमदाबादला जमलेलं काम महाराष्ट्रातल्या महापालिकांना अवघड नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली, नोंदी आता संगणकावर होतात. अडचण आहे ती मुदतीची: मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, त्यामुळे आजचा आकडा आज कळत नाही. स्मशानभूमी आणि दफनभूमीच्या पावत्या मात्र त्याच दिवशी फाटतात, आणि कोविडच्या काळात बातमीदार त्यांवरूनच मोजत होते. ठाणे, नागपूर, चंद्रपूर, जळगाव यांपैकी एका शहराने एप्रिल ते जूनचा रोजचा एकूण मृत्यूंचा आकडा, शेजारी त्या दिवसाचं कमाल आणि किमान तापमान आणि दमटपणा, असा साधा तक्ता दर आठवड्याला दवाखान्यांच्या फलकावर लावायला सुरुवात केली, तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या शहराच्या स्वतःच्या पायऱ्या ठरवता येतील. किमान तापमान त्यात हवंच. रात्र गार झाली नाही तर दुसऱ्या दिवशीचे 41 हे 44 सारखे लागतात, आणि बहुतेक आराखडे अजून दुपारचाच पारा पाहतात.